दुर्बिणीखालचा बोटभर धातू

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावलं आणि त्याच्या रायफलीचे फोटो घरोघरी पोचले. मागे डोळ्याशी काळी गोल चकती, पुढे नळीच्या टोकाला आखूड बोगद्यासारखं काहीतरी. ते पाहून कुणालाही वाटावं की ही दुर्बीण आहे. पण ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला मनाई आहे. अंजली भागवत असो, तेजस्विनी सावंत असो की स्वप्नील, या सगळ्यांनी नेम धरला तो मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या कड्यात आणि कड्यातून लक्ष्याच्या काळ्या ठिपक्यावर. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, हे लक्षात घेतलं की या मंडळींच्या हातातली कला कळते.

महाराष्ट्राच्या ओळखीची रायफल नेमबाजी बहुतेक इथेच थांबते. पुढच्या पानांचा विषय सुरू होतो तो याच्या अठरापट अंतरावर, हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर. तिथे दुर्बीण असते, आणि दुर्बीण आली की ती रायफलीवर बसवायची कशी हा प्रश्न येतो. दुर्बीण आणि रायफल यांच्यामध्ये जे धातूचं जोडकाम असतं त्याला माउंट म्हणतात. रायफलीच्या पाठीवर स्क्रूनं आवळलेली रेल आणि त्या रेलवर दुर्बिणीची नळी धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा, किंवा दोन्ही रिंगा एकाच ठोकळ्यातून कापलेला एकसंध माउंट, एवढाच हा पसारा.

हजार यार्डांचा खेळ दुर्बिणीशिवायही चालायचा. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर सप्टेंबर १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांची लढत झाली. अमेरिकेनं ती ९३४ विरुद्ध ९३१ अशी तीन गुणांनी जिंकली. त्या काळच्या रायफलींवर मागे उभी धातूची पट्टी असे, तिच्यावरचं छिद्र स्क्रूनं वरखाली करून नेमबाज पल्ला साधत. आज हा खेळ अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत जोरात आहे. त्यातला एफ-क्लास हा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज ‘फार्की’ फार्क्युहार्सन यांच्या नावानं ओळखला जातो. वयानुसार डोळे आणि खांदे साथ देईनासे झाले तरी नेमबाजाला मैदानावर टिकता यावं, म्हणून त्यांनी दुर्बीण आणि टेकू यांना मुभा देणारा हा प्रकार काढला. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांच्या चौकटीत हा खेळ फारसा रुजलेला नाही. नोकरीनिमित्त टेक्सासात किंवा क्वीन्सलंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला मात्र तो जवळच्याच एखाद्या क्लबात सापडू शकेल.

माउंटची गंमत अशी की तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. दुर्बीण विकत घेताना माणूस महिनोन्‌महिने काचेची तुलना करतो, चार जणांना विचारतो, दुकानात जाऊन डोळा लावून पाहतो. माउंटची पाळी येते शेवटी, खिसा रिकामा झाल्यावर. मग दुकानदार काउंटरखालून जी रिंगांची डबी काढेल ती चालते. या काटकसरीची किंमत किती पडते ते थोड्या हिशेबानं दिसतं.

दोन रिंगांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर आहे असं धरू. त्यांतली एक रिंग धक्क्यानं एक शतांश मिलिमीटर वर सरकली. हा माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम सातवा हिस्सा. बोटाला तो लागणार नाही, डोळ्याला दिसणार नाही. पण दहा सेंटिमीटरांत एक शतांश मिलिमीटर म्हणजे हजार मीटरवर दहा सेंटिमीटर. गोळी तेवढी वर किंवा खाली जाईल आणि नेमबाज वाऱ्याला, दारूला, स्वतःच्या श्वासाला दोष देत बसेल.

आणि धक्काही काही साधा नसतो. .३०८ विंचेस्टर हे लांब पल्ल्याचं जुनंजाणतं काडतूस. त्याची साडेअकरा ग्रॅमच्या आतली गोळी सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगानं सुटते. ती नळीत असते साधारण एक मिलिसेकंदभर, आणि तेवढ्यात सहा किलोची रायफल सेकंदाला दीड मीटरहून जास्त वेगानं मागे निघते. दुर्बीण जागेवरच राहू पाहते. तिला मागे ओढून न्यायचं काम माउंटचं. दुर्बीण किलोभर वजनाची असेल, तर त्या क्षणी माउंटला तिला सव्वाशे-दीडशे किलोच्या ओझ्याइतक्या जोरानं ओढावं लागतं. शंभर गोळ्यांच्या दिवसात हे शंभर वेळा होतं. त्यातून दुर्बीण तसूभरही हलू नये एवढीच अपेक्षा असते.

इतिहास पाहिला तर माउंटला इतकं दुय्यम मानण्याचं कारण नव्हतं. एकोणिसाव्या शतकात नेमाचं सगळं यंत्र माउंटमध्येच होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी विल्यम माल्कम यानं १८५५ पासून रायफलीच्या दुर्बिणी बनवायला सुरुवात केली. त्या बारीक आणि लांबलचक असत, कधी तर थेट नळीच्या टोकापर्यंत पोचणाऱ्या. दुर्बिणीच्या पोटात फिरवण्यासारखं काही नसे. पल्ला वाढला की मागचा माउंट स्क्रूनं वर उचलायचा, वारा आला की बाजूला सरकवायचा. त्याच सुमारास डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्यानं आपली दुर्बीण रायफलीच्या डाव्या कुशीला बसवण्याची पद्धत आणली. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी केलेले. षटकोनी नळीच्या व्हिटवर्थ रायफलींवर त्यांची दुर्बीण बसली आणि अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निशाणबाजांनी ती वापरली. बाजूला बसवल्यामुळे वरची साधी माशी मोकळी राहायची, हा तिचा फायदा.

बाजूला बसवलेल्या दुर्बिणीचा तोटा काय, ते कळायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलीत काडतुसं वरून, पाच-पाचच्या पट्टीनं भरत. वर दुर्बीण ठेवली तर पट्टी घालायला वाट राहत नाही. म्हणून त्यांनी दुर्बिणी डावीकडे सरकवून बसवल्या. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. खंदकात मात्र सैनिक पोलादी पत्र्यातल्या छोट्या भोकातून नेम धरायचा. नळी भोकातून बाहेर निघायची आणि शेजारच्या दुर्बिणीसमोर यायचा पत्रा. शिवाय गाल दस्त्यावर टेकवला की डोळा नळीच्या रेषेत येतो, दुर्बीण मात्र दोन बोटं डावीकडे. म्हणजे मान वाकडी करून, गाल अधांतरी ठेवून गोळी झाडायची. हेस्केथ हेस्केथ-प्रिचर्ड या मेजरनं यावर सडकून टीका केली. हा माणूस झाशीत जन्मलेला, हँपशरकडून वेगवान गोलंदाजी करणारा, शिकारी, लेखक. फ्रान्समध्ये त्यानं निशाणबाजांची शाळा काढली आणि १९२० साली ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ हे पुस्तक लिहिलं. सैनिकांच्या दुर्बिणी तपासताना त्याला एकामागून एक चुकीच्या बसवलेल्या सापडत गेल्या. काचा चांगल्या होत्या. घोळ होता जोडणीत.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश शहाणे झाले होते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे निवडक रायफली जात. तिथे प्रत्येकीला तिच्यापुरता ब्रॅकेट बसवून, त्या ब्रॅकेटवर त्याच रायफलीचा क्रमांक ठोकला जाई. एकीचा ब्रॅकेट दुसरीवर चालवायचा नाही, असा दंडक. दस्त्यावर लाकडी गालटेकू जोडला जाई, म्हणजे वर बसवलेल्या दुर्बिणीसमोर डोळा आपोआप यावा. ‘नंबर ४ (टी)’ नावाची ही रायफल आजही संग्राहक शोधत फिरतात. ब्रॅकेटवरचा क्रमांक रायफलीशी जुळला तर तिची किंमत वेगळी, न जुळला तर वेगळी.

अमेरिकेत मधल्या काळात एक मोठा बदल झाला. विल्यम वीव्हर यानं १९३० मध्ये ३३० नावाची दुर्बीण बाजारात आणली, माउंटसकट १९ डॉलरना. नेम वरखाली आणि डावाउजवा करण्याची चक्रं तिच्या नळीतच होती. युरोपातल्या दुर्बिणींत उंचीचं चक्र आधीपासून आत असे. वीव्हरनं ही सोय सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आणली. पुढे एल पासो इथल्या त्याच्या कारखान्यातून निघालेल्या दुर्बिणी आणि चपटे बेस अमेरिकाभर पसरले, आणि माउंटकडचं नेमाचं काम हळूहळू संपलं. पिट्सबर्गच्या जॉन अनर्टलच्या लांब दुर्बिणी तेवढ्या जुन्या वळणावर राहिल्या. त्यांच्या मागच्या माउंटवर मायक्रोमीटरसारखी दोन बोंडं असत, आणि धक्का बसला की अख्खी नळी माउंटमधून पुढे घसरे. नेमबाज ती हातानं परत मागे ओढून घेई, नाहीतर त्यासाठी स्प्रिंग लावी. अमेरिकी मरीन सैनिकांनी व्हिएतनामच्या युद्धातही ही दुर्बीण वापरली. बाकी सगळीकडे माउंट म्हणजे नुसता धरून ठेवणारा हात झाला, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सवयही तेव्हाच लागली असावी.

वीव्हरच्या बेसवर आडव्या खाचा असत, पण दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं नव्हतं. एका कारखान्याच्या रिंगा दुसऱ्याच्या बेसवर बसतीलच असं सांगता येत नसे. अमेरिकी सैन्यानं न्यूजर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रशाळेत या गोंधळाला शिस्त लावली. फेब्रुवारी १९९५ मध्ये मिल-स्टँडर्ड १९१३ आलं. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीचा मध्य १०.०१ मिलिमीटरवर. वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटरची. म्हणून वीव्हरसाठी बनलेली रिंग पिकाटिनीवर बहुधा बसते, उलट मात्र जमत नाही. ‘दोन्ही एकच हो’ असं सांगणारे विक्रेते अजून भेटतात. २००९ मध्ये नाटोनं आपलं वेगळं मानक काढलं. त्यात माउंटनं रेलच्या तिरक्या कडांऐवजी वरच्या सपाट पृष्ठावर टेकावं असा आग्रह आहे, कारण सपाट पृष्ठ अचूक कापणं सोपं जातं आणि काढून घातलेला माउंट पुन्हा त्याच जागी बसण्याची खात्री वाढते.

आता लांब पल्ल्याचा खरा हिशेब. इथे जरा थांबायला हवं, कारण माउंटची निवड याच आकड्यांवर ठरते.

गोळी सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. १०० यार्डांवर नेम बसवलेली .३०८ रायफल हजार यार्डांवर झाडली, तर १७५ ग्रेनची गोळी तिथे पोचेपर्यंत नेमाच्या रेषेखाली सुमारे दहा मीटर आलेली असते. म्हणजे दुर्बिणीचं चक्र फिरवून नेम तेवढा उचलावा लागतो. हा कोन मोजायची दोन मापं चालतात. एक एमओए, अंशाचा साठावा भाग, पंचांगातली एक कला. १०० यार्डांवर ती इंचाहून किंचित जास्त, २.६६ सेंटिमीटर भरते. दुसरं मिल, १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर. एका मिलमध्ये ३.४४ एमओए बसतात. .३०८ ला हजार यार्डांसाठी साधारण ३८ एमओए, म्हणजे ११ मिल लागतात.

समजा दुर्बिणीच्या चक्राचा एकूण प्रवास ६० एमओए आहे. सपाट रेलवर बसवून १०० यार्डांचा नेम लावला की ती आपल्या प्रवासाच्या मध्यावर असते. वर ३० उरले, खाली ३०. गरज ३८ ची. म्हणजे साडेआठशे यार्डांच्या आसपास चक्र अडणार, आणि खालचे ३० एमओए कधीच उपयोगी पडणार नाहीत, कारण १०० यार्डांच्या जवळ येऊन आणखी खाली नेम धरण्याची वेळ या खेळात येत नाही. यावर मोठी दुर्बीण घेणं हा उपाय नाही. डुगडुगणाऱ्या पलंगाच्या पायाखाली चिपळी सारतात तसा रेलचा मागचा भाग थोडा उचलायचा. २० एमओए उतार दिलेली रेल मिळते. १५ सेंटिमीटर लांबीत तिचं मागचं टोक पुढच्यापेक्षा जेमतेम ०.९ मिलिमीटर उंच असतं. तेवढ्यानं वरचा प्रवास ३० वरून ५० वर जातो, खाली १० राहतात. हजार यार्ड सहज आवाक्यात, वर दम राखून.

उतार जास्त तो चांगला, या समजुतीनं ४० एमओएची रेल घेतली तर? त्याच दुर्बिणीत १०० यार्डांच्या नेमासाठी मध्यापासून ४० खाली यावं लागेल, पण खाली ३० च आहेत. १०० यार्डांवर नेम बसणारच नाही, दहा एमओए कमी पडतील. त्यात आणखी एक पेच. उतार रेलमध्येही असतो आणि काही एकसंध माउंटमध्येही. २० ची रेल आणि वर २० चा माउंट बसवला की बेरीज ४० होते. डबीवरचा आकडा वाचूनही माणसं इथे फसतात, कारण तो आकडा रिंगांच्या नळीच्या मापाशेजारी छापलेला असतो आणि घाईत दुसऱ्याच कशाचा तरी वाटतो. उतार ठरवण्याआधी आपल्या दुर्बिणीचा एकूण प्रवास किती आणि आपल्या काडतुसाला आपल्या सर्वांत लांबच्या पल्ल्यावर किती लागतात, हे दोन आकडे कागदावर हवेत. बाकी सगळं नंतर. उतार नेमका असण्याचा आणखी एक फायदा काचेशी निगडित आहे. चक्र अगदी टोकाला नेलं की आतली नळी कडेला जाते, चित्र मध्यावर असतं तितकं नितळ राहत नाही आणि बाजूला सरकायलाही जागा कमी उरते.

उंचीचा प्रश्न त्यामानानं सोपा वाटतो. रिंग इतकी उंच हवी की दुर्बिणीचं पुढचं तोंड रायफलीच्या नळीला टेकू नये. ५६ मिलिमीटरच्या काचेभोवती धातूचं कवच धरलं तर बाहेरचा व्यास साठीच्या पुढे जातो, त्यामुळे दुर्बिणीचा मध्य रेलपासून ३० ते ३८ मिलिमीटर उंच ठेवणारे माउंट सर्रास दिसतात. जुने शिकारी शक्य तितकं खाली बसवावं असं सांगत आले. ते त्यांच्या सरळ दस्त्यांसाठी बरोबर होतं. आता दस्त्याचा गालटेकू वरखाली करता येतो. अशा वेळी निकष एकच: डोळे मिटून गाल टेकवावा, डोळे उघडावेत, चित्र पूर्ण दिसलं पाहिजे. ताणून मान वर करावी लागली तर दहाव्या गोळीपर्यंत ती थकते. उंची कितीही निवडली तरी ती मिलिमीटरपर्यंत मोजून ठेवावी लागते, कारण पल्ल्याची गणितं करणाऱ्या ॲपमध्ये ती भरायची असते. तिथे एक सेंटिमीटर चुकलं तर १०० मीटरवर काहीच कळत नाही, हजार मीटरवर सुमारे नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो.

नळीचं माप हा तर निव्वळ वाचनाचा प्रश्न आहे. एक इंच, ३० मिलिमीटर, ३४ मिलिमीटर ही नेहमीची मापं. त्यात ल्यूपोल्डची मार्क ५ एचडी येते ३५ मिलिमीटरची. ३४ च्या रिंगा तिच्यावर आवळायचा प्रयत्न केला की नळीला चट्टे पडतात.

दोन सुट्या रिंगा की एकसंध माउंट, यावर मतं फुटतात. सुट्या रिंगा हलक्या, स्वस्त, पुढेमागे हव्या तिथे बसवता येतात. पण त्या एकमेकींशी अगदी एका रेषेत हव्यात, आणि ते रेल कशी बसली यावर अवलंबून. रेल जरा वाकडी बसली तर रिंगा नळीला पिळतात. हा पीळ काढायला काही जण रिंगा आतून घासून घेतात. बरिसच्या सिग्नेचर रिंगांनी निराळी युक्ती केली. आत प्लास्टिकचे गोलाकार तुकडे, जे नळीच्या रेषेत आपोआप वळतात. हे तुकडे मध्यापासून सरकवलेलेही मिळतात, त्यामुळे रेल न बदलता उतार वाढवता येतो. एकसंध माउंटमध्ये दोन्ही रिंगा एकाच वेळी एकाच यंत्रावर कापलेल्या असतात, म्हणून त्या एकमेकींशी जुळणारच. स्वीडनच्या स्पुर कंपनीचे माउंट या वर्गात नावाजलेले. त्यांच्या रिंगा पंचेचाळीस अंशांत कापलेल्या, म्हणजे स्क्रू चक्राच्या आड येत नाहीत, आणि मागे बारकी पाणसळ बसवलेली. किंमत भारी, यात वाद नाही. स्पर्धेत वजनाचाही हिशेब येतो. एफ-क्लासच्या एफटीआर गटात दुर्बीण, माउंट आणि दुपायी धरून सव्वाआठ किलोची मर्यादा आहे, एफ-ओपन गटात दहा किलोची. तिथे रायफलीची नळी जाड हवी असलेला नेमबाज पोलादी रिंगांऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतो आणि वाचलेले ग्रॅम नळीवर खर्च करतो.

पाणसळ मात्र शोभेची नाही. रायफल एका अंशानं कलली, एवढं कुणाच्या लक्षातही येत नाही. पण हजार यार्डांसाठी दहा मीटर उचललेला नेम एका अंशानं कलला की गोळी साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जाते. एफ-क्लासच्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून १२.७ सेंटिमीटरचं. वारा नसताना, गोळी अचूक सुटूनही ती दहाच्या बाहेर नऊमध्ये पडते.

बसवण्याचं काम म्हणूनच सावकाशीनं करायचं असतं. रायफल टेबलावर शिकंज्यात धरायची. रेल आणि तिच्याखालचा भाग तेल राहू नये म्हणून स्पिरिटनं पुसायचा. रेलचे स्क्रू बारीक आट्यांचे असतात, रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत ६-४८ मापाचे; जास्त धक्क्याच्या रायफलींसाठी लोक जाडे ८-४० घालून घेतात. माउंट रेलवर ठेवून, आवळण्याआधी नळीच्या तोंडाकडे ढकलायचा. धक्क्यात रायफल मागे जाते आणि दुर्बीण पुढे राहू पाहते, म्हणून माउंटची पट्टी खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेली असावी. नाहीतर ते सरकणं पहिल्या काही गोळ्या करतात, आणि नेम त्यांच्याबरोबर सरकतो. दुर्बीण रिंगांत सैल ठेवून, सर्वाधिक वर्धनावर, प्रत्यक्ष झोपून डोळ्याचं अंतर ठरवायचं. बसून ठरवलं तर झोपल्यावर डोकं पुढे येतं, आणि धक्क्यात दुर्बिणीची कड भुवईवर अर्धचंद्राकृती खूण ठेवून जाते.

मग ओळंबा. वीसेक मीटरवर दोरीला वजन बांधून टांगायचं, पाणसळीनं रायफल सरळ धरायची आणि दुर्बिणीतली उभी रेघ दोरीशी जुळवायची. इथे एक खोडी असते. एका बाजूचे स्क्रू आधी आवळले की नळी त्या दिशेला किंचित गोल फिरते, आणि जुळवलेली रेघ पुन्हा तिरकी होते. म्हणून दोन्ही बाजूंना आळीपाळीनं, पाव-पाव फेरा. रिंगांच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, रेलला धरणाऱ्या मोठ्या स्क्रूंना काही कंपन्या ६५ पर्यंत सांगतात. ‘हाताला कळतं’ म्हणणारे बहुतेक जण रिंगा फार आवळतात. नळी चेपली की आतलं चक्र अडखळतं, दहा क्लिक फिरवले तर नऊच उतरतात, आणि बिचाऱ्या दुर्बिणीला नादुरुस्त ठरवून कंपनीकडे परत पाठवलं जातं.

अलीकडे हजार यार्डही काहींना जवळ वाटू लागले आहेत. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन केंद्रात ‘किंग ऑफ टू माइल्स’ स्पर्धा झाल्या. दोन मैल म्हणजे ३,२०० मीटरहून जास्त. तिथे चाळीस मिलांच्या पुढे नेम उचलावा लागतो, आणि एवढा प्रवास बहुतेक दुर्बिणींच्या पोटात नाही. जर्मनीच्या रेकनागेलनं एरा-टॅक नावाचे माउंट काढले, ज्यांचा उतार शून्यापासून ७० एमओएपर्यंत बदलता येतो. काही जण दुर्बिणीच्या तोंडापुढे लोलकाचं यंत्र लावून चित्रच वर-खाली सरकवतात. उतार इतका वाढला की नवीच अडचण येते: दुर्बीण आपल्याच रायफलीच्या नळीच्या टोकाकडे पाहू लागते आणि चित्राच्या तळाशी धूसर काळं काहीतरी दिसतं. मग माउंट आणखी उंच, गालटेकू आणखी वर. माल्कमच्या काळी माउंटनं जे काम केलं, ते दीडशे वर्षांनी त्याच्याकडेच परत आलं आहे.

पुढच्या प्रकरणांत आधी रेल, मग उताराचा हिशेब चार वेगवेगळ्या काडतुसांसाठी मांडून, मग रिंगा आणि एकसंध माउंट, आणि शेवटी बसवण्याची पद्धत अशी मांडणी आहे. पल्ला स्पर्धेत ज्या मापात मोजतात त्याच मापात ठेवला आहे, यार्डांत तिथे यार्ड आणि मीटरमध्ये तिथे मीटर. कोन शक्य तिथे मिल आणि एमओए दोन्हींत दिले आहेत. टॉर्कचे आकडे इंच-पाउंडांत आहेत, कारण बहुतेक माउंटच्या डबीत येणाऱ्या कागदावर तेच छापलेले असतात. ज्यांच्याकडे न्यूटन-मीटरचा पाना आहे त्यांनी १८ इंच-पाउंड म्हणजे साधारण दोन न्यूटन-मीटर धरावेत. डबीतल्या कागदावरचा आकडा आणि या पानांवरचा आकडा वेगळा आढळला, तर कागदावरचा मानावा.